पावती कुणाच्या नावानं फाटते?

परभणी जिल्ह्यातला, कायद्याच्या दुसऱ्या वर्षाला असलेला एक मुलगा विचारतो: "सर, वादविवाद स्पर्धेला विषय आलाय, शांततेनं केलेला कायदेभंग समाजाच्या हिताचा की नुकसानीचा. माझ्या वाट्याला 'हिताचा' ही बाजू आली. पण मागच्या महिन्यात आमच्या फाट्यावर रास्ता रोको झाला, त्यात माझी गरोदर बहीण दीड तास जीपमध्ये अडकून पडली. आता मी त्या बाजूनं कोणत्या तोंडानं बोलू?"

स्पर्धेचं नंतर बघू. आधी मी कुठून बोलतोय ते सांगतो. बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कोर्टात मी २८ वर्षं वकिली करतोय. त्यातली निम्मी कामं आंदोलनांची. गायरानाची, पाण्याची, पीकविम्याची, आरक्षणाची, आणि एकदा तर एसटीचा थांबा पाचशे फूट पुढं नेला म्हणून बसलेल्या म्हाताऱ्यांची. फी क्वचित मिळाली, हुरडा मात्र पोटभर खाल्ला. दोनदा मी स्वतः आरोपी म्हणून हजेरी लावलेली आहे, तेव्हा मला तटस्थ समजू नका.

माझं उत्तर: हिताचा, पण एका अटीवर. कायदा मोडल्याची पावती मोडणाऱ्याच्याच नावानं फाटली पाहिजे. तुमच्या फाट्यावर ती तुमच्या बहिणीच्या नावानं फाटली. तिला त्या मागणीशी देणंघेणं नव्हतं, तिला कुणी विचारलं नव्हतं, आणि दीड तास तिनं भरला.

पुढं जाण्याआधी एक गल्लत काढून टाकू. आपल्याकडं सगळ्यालाच 'आंदोलन' म्हणतात. परवानगी काढून निघालेला हंडा मोर्चा किंवा कलेक्टर कचेरीपुढं मांडव टाकून केलेलं धरणं हा कायदेभंग नव्हेच, तो घटनेच्या कलम १९ नं दिलेला हक्क आहे. ९ ऑगस्ट २०१६ ला औरंगाबादेत मराठा समाजाचा पहिला मूक मोर्चा निघाला. अफाट माणसं होती, पण कायदा कुणी मोडला नाही. उलट बाजूला, विजेच्या तारेवर आकडा टाकून मोटार चालवणारा कास्तकार रोज कायदा मोडतो, पण लाइनमनची गाडी दिसली की आकडा काढतो. सत्याग्रही आकडा काढत नाही. तो लाइनमनला आधी निरोप धाडतो, आकडा दाखवतो आणि म्हणतो, लिही माझं नाव. हे नाव लिहून घेणं फार मोलाचं असतं, आणि ते मला गायरानानं शिकवलं.

गायरान म्हणजे गावच्या गुरांना चरायला राखून ठेवलेली सरकारी जमीन. बहुतेक मुरमाड, खडकाळ, शिवाच्या कडेची. मराठवाड्यात भूमिहीन दलितांनी, पारध्यांनी, भटक्यांनी ती फोडली, दगड वेचून बांध घातले, बाजरी-तूर पेरली. दादासाहेब गायकवाडांनी १९५३ मध्ये मराठवाड्यात भूमिहीनांचा सत्याग्रह केला, पुढं १९५९ ला आणि १९६४ ला तो आणखी मोठा झाला. बीडकडं नंतरच्या काळात एकनाथ आवाड आणि त्यांच्या मानवी हक्क अभियानानं हेच काम गावोगाव नेलं. कायद्याच्या भाषेत ह्या सगळ्याला एकच शब्द, अतिक्रमण. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६, कलम ५० खाली ते काढून टाकता येतं आणि वर दंडही करता येतो. तलाठ्याकडं अशा अतिक्रमणांची वेगळी नोंदवही असते, गाव नमुना एक-ई.

आता गंमत बघा. एरवी माणूस दंड चुकवायला तलाठ्याच्या घरी कोंबडं पोचवतो. इथं माणसं उलटी मागं लागायची: भाऊसाहेब, दंड घ्या, पण पावती द्या. एक-ई ला नाव चढवा. मी नवा वकील होतो तेव्हा मला हे उमगलं नव्हतं. एका आजींनी समजावलं. त्या केजकडच्या. युरियाच्या गोणीच्या आतल्या प्लास्टिकमध्ये अकरा पावत्या गुंडाळून आल्या होत्या, त्यातल्या दोन वाळवीनं खाल्लेल्या. म्हणाल्या, "वकीलसाहेब, सरकार म्हनतंय मी चोरी केली. मग चोरी कवा केली, कुठं केली, किती केली, हे बी सरकारनंच लिवून दिलंय का नाही?"

आणि तसंच झालं होतं. २७ डिसेंबर १९७८ च्या शासन निर्णयानं १ एप्रिल १९७२ ते ३१ मार्च १९७८ या काळातली भूमिहीनांची शेतीसाठीची अतिक्रमणं नियमित करायचं ठरवलं. २८ नोव्हेंबर १९९१ च्या निर्णयानं ती मुदत १४ एप्रिल १९९० पर्यंत आणली. त्या तारखेआधी तुम्ही जमीन कसत होता, याला पुरावा काय? सातबारावर नाव नाही, खरेदीखत नाही. पुरावा म्हणजे एक-ई ची नोंद, पीकपाहणी आणि दंडाची पावती. कायदा मोडल्याची शिक्षाच हक्काचा दस्त झाली. पाठ्यपुस्तकात कायदेभंगाची व्याख्या वाचताना 'शिक्षा आनंदानं भोगणं' असं वाक्य येतं, ते मला तेव्हा साधूसंतांचं वाटायचं. आजींना त्यात आनंद वगैरे काही नव्हता. त्यांचा व्यवहार रोकडा होता. उघड मोडलं तरच नोंद होते, नोंद झाली तरच सरकारला एक दिवस त्या कागदाकडं बघावं लागतं. चोरून कसलं असतं तर चाळीस वर्षांनीही त्या चोरच राहिल्या असत्या.

किंमत काय मोजली, तेही सांगतो. उभ्या पिकात रात्री गुरं घातली. गिरणीवाल्यानं दळण बंद केलं, दुकानदारानं तेल-मीठ बंद केलं, मजुरीला कुणी बोलवेना. आजींच्या मालकाचा, म्हणजे नवऱ्याचा, हात मोडला. यांच्या बाजूनं हात उचलला गेला असता तर त्याच दिवशी दरोड्याचं कलम लागलं असतं आणि जमिनीचा विषय संपला असता. अहिंसा हे त्यांचं तत्त्व होतं की नाही मला ठाऊक नाही; त्यांना तेवढंच परवडत होतं.

पण गायरानाचा हिशेब इथंच मिटत नाही, आणि तुमच्या विरुद्ध बाजूचा वक्ता हुशार असेल तर तो इथंच बोट ठेवील. गायरान मोकळं पडलेलं नव्हतं. तिथं धनगराची मेंढरं चरत होती, दोन शेळ्यांवर घर चालवणारी विधवा बाई त्या शेळ्या चारत होती. माझ्या हातून एकदा ही चूक झाली आहे. एका गावात मी लोकांना, अर्जांची वाट बघू नका, मृगात औत घाला, असा सल्ला दिला. वरच्या अंगाला धनगरांची सात घरं होती, त्यांच्या मेंढरांची वाट त्याच माळावरनं जात होती. मी विचारलंच नाही. पुढं दोन्हीकडची डोकी फुटली, दोन्ही बाजूंनी फिर्यादी झाल्या, आणि नऊ वर्षं तारखा चालल्या. दोन्हीकडचे आरोपी सारखेच फाटके. पावती गरिबाच्याच नावानं फाटली, फक्त दुसऱ्या गरिबाच्या.

आणि मग 'अतिक्रमण नियमित करा' हा शब्द बड्यांच्याही तोंडी आला. त्याच माळावर वीटभट्टी आली, मंगल कार्यालय आलं, एका पुढाऱ्याची शिक्षणसंस्था आली. यांनी दंडाच्या पावत्या कधी मागितल्या नाहीत, यांना पावती लागतच नाही. २८ जानेवारी २०११ ला सर्वोच्च न्यायालयानं पंजाबच्या जगपाल सिंग प्रकरणात गावाच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणं काढायला सगळ्या राज्यांना सांगितलं. अपवादात भूमिहीन आणि अनुसूचित जाती-जमाती ठेवल्या, तशीच आधीपासून उभी असलेली शाळा आणि दवाखानाही. निकाल वाचून मला ती शिक्षणसंस्था आठवली आणि हसू आलं. नोटिसा मात्र आधी कुणाच्या झोपडीवर चिकटल्या असतील, ते तुम्हाला सांगायला नको.

विरोधी बाजूचा सगळ्यात भारी मुद्दा यापेक्षा वेगळा आहे, आणि तो डॉ. आंबेडकरांचा आहे. २५ नोव्हेंबर १९४९ ला घटना समितीत त्यांनी बजावलं होतं की आता घटनात्मक मार्ग खुले झालेत, तेव्हा कायदेभंग, असहकार, सत्याग्रह हे मार्ग सोडून द्यावे लागतील. ते अराजकाचं व्याकरण आहे. स्पर्धेत हा मुद्दा येणारच, टाळू नका. बोलणारा माणूस कोण होता तेही लक्षात ठेवा. २० मार्च १९२७ ला महाडच्या चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेणारा. पण त्याच वर्षी डिसेंबरात पुन्हा तळ्यावर जायचं ठरलेलं असताना विरोधकांनी कोर्टातून मनाईहुकूम आणला, तेव्हा हजारो माणसं जमलेली असूनही त्यांनी तळ्याचा सत्याग्रह थांबवला आणि दावा लढवला. उच्च न्यायालयाचा निकाल १७ मार्च १९३७ ला लागला. जवळजवळ दहा वर्षं.

त्याच बाबासाहेबांचे उजवे हात असलेले दादासाहेब गायकवाड घटना लागू झाल्यावर तीनच वर्षांत मराठवाड्यात गायरानावर सत्याग्रह करतात. याला काही लोक विसंगती म्हणतात. मला ती तालुक्याच्या कचेरीची माहिती वाटते. बाबासाहेबांचं म्हणणं मार्ग खुला असण्यावर उभं आहे. आमच्याकडं मार्ग खुला म्हणजे काय? अर्ज द्यायचा, आवक क्रमांक घ्यायचा, पोच जपायची. पंधरा दिवसांनी 'साहेब मीटिंगला गेलेत'. महिन्यानं 'फाइल प्रांताकडं गेली'. तीन वर्षांनी साहेबांची बदली, आणि नवे साहेब म्हणतात, नव्यानं अर्ज द्या. दार उघडंच असतं, फक्त आत कुणी बसलेलं नसतं. म्हणून मी माझ्या अशिलांकडून एक नियम पाळून घेतो: कायदा मोडायच्या आधी अर्जांची फाइल दाखवा. जिच्यात किमान पाच पोचा नाहीत त्या आंदोलनाचं वकीलपत्र मी घेत नाही. बाबासाहेबांच्या मुद्द्याला माझ्याकडं याहून चांगलं उत्तर नाही.

निजामाच्या काळात हा प्रश्नच नव्हता, कारण दारच नव्हतं. 'गश्ती निशान ५३' नावाचं परिपत्रक होतं, त्यामुळं परवानगीशिवाय साधी सभा घेता येत नव्हती. १९३८ ला हैदराबाद स्टेट काँग्रेस स्थापन व्हायच्या आधीच तिच्यावर बंदी आली. म्हणजे संघटनेचं नाव उच्चारणं हाच कायदेभंग. २४ ऑक्टोबर १९३८ पासून तुकड्या तुकड्यांनी माणसं रस्त्यावर आली आणि तुरुंगात गेली. आमच्या अंबाजोगाईच्या शाळेत शिकवणारे स्वामी रामानंद तीर्थ त्यांतलेच. त्याच सुमारास औरंगाबादच्या कॉलेजच्या वसतिगृहात मुलांनी वंदे मातरम् म्हणायचं सोडलं नाही. उस्मानिया विद्यापीठानं शेकड्यांनी मुलं काढून टाकली आणि त्यांतली बरीच नागपूरला जाऊन शिकली. सत्याग्रह डिसेंबरातच, गांधीजींच्या सल्ल्यानं, मागं घेतला गेला. हाती काय लागलं? त्या घडीला काहीच नाही. बंदी उठायला १९४६ उजाडलं. पण १९४७ मध्ये शिंदीची झाडं तोडून निजामाचा महसूल बुडवायची हाक आली तेव्हा कुऱ्हाड घेऊन कोण पुढं जाणार, हे गावाला माहीत होतं. ज्यांनी १९३८ ला तुरुंग बघितला होता ते.

इथं मी गोडवा घालणार नाही. १९४७-४८ चा लढा सगळा शांततेचा नव्हता. सरहद्दीवर सशस्त्र कॅम्प होते, करोडगिरीची, म्हणजे जकातीची, नाकी उडवली गेली, निजामाच्या बाजूच्या रझाकार टोळ्यांचे अत्याचार होतेच, आणि शेवट भारतीय लष्करानं केला. त्या पोलीस ॲक्शननंतर उस्मानाबाद, नांदेड, बीदर, गुलबर्गा भागांत मुसलमानांचं जे शिरकाण झालं त्याचा आकडा भारत सरकारनं धाडलेल्या सुंदरलाल समितीनं किमान २७ हजार ते ४० हजार असा धरला आहे. १७ सप्टेंबरच्या, मुक्तिदिनाच्या, भाषणांत हा आकडा येत नाही. ज्यांची पावती तिथं फाटली त्यांतल्या बहुतेकांचा रझाकारांशी काडीचा संबंध नव्हता.

नामांतराचं उदाहरण तर आणखी अवघड. विधिमंडळानं २७ जुलै १९७८ ला मराठवाडा विद्यापीठाला डॉ. आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव केला. ठराव कायदेशीर, मागणी शांततेची. आणि गावोगाव दलितांची घरं जळाली. पुढं सोळा वर्षं सत्याग्रह, जेलभरो, १९७९ चा नागपूरहून निघालेला लाँग मार्च, आणि १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार. कायदा मोडणारे शांत राहिले म्हणून समोरचे शांत राहतात असं नाही. विद्यार्थी नेता औरंगाबादेत अटक करवून घेतो आणि रात्री त्याच्या चुलत्याचं घर पेटतं. असं ज्याला दिसत नाही त्यानं गावातल्या माणसांना घोषणा द्यायला लावू नयेत. तरीही नामांतराचा लढा चुकीचा होता असं मी म्हणणार नाही. ज्यांची घरं जळाली, त्यांतली माणसं मला भेटली आहेत. 'नाव नको होतं' असं म्हणणारं त्यांत कुणी नव्हतं.

आता तुमचा फाटा. रास्ता रोकोची आमच्याकडं एक ठरलेली रीत आहे. आदल्या दिवशी ठाण्यात निवेदन, सकाळी अकराला टायर, साडेअकराला वार्ताहर, बारा वाजता फौजदार हात जोडतो. मग मुंबई पोलीस कायद्याच्या, म्हणजे आताच्या महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या, कलम ६८ खाली ताब्यात घेतात आणि संध्याकाळी ६९ खाली सोडतात. मधल्या वेळात ठाण्यात चहा. नेत्याची पावती एवढीच. ज्या दिवशी फौजदाराचं डोकं फिरलेलं असतं त्या दिवशी शासकीय कामात अडथळ्याचं कलम लागतं, जुनं ३५३, आताच्या न्याय संहितेचं १३२, आणि ते नेत्याला न लागता टायर आणणाऱ्या पोराला लागतं. मग पोलीस भरतीत चारित्र्य पडताळणी आली की ते पोरगं माझ्या ऑफिसच्या पायरीवर येऊन बसतं. गुन्हे मागं घेण्याचे शासन निर्णय निघतात, पण त्यांतही अटी असतात: जीवितहानी नसावी, मालमत्तेचं नुकसान पाच लाखांच्या वर नसावं. ३० ऑक्टोबर २०२३ ला मराठा आरक्षणाच्या आंदोलनात बीडमध्ये आमदारांची घरं, कार्यालयं जळाली, तेव्हा मागणी बरोबर की चूक हा विषयच बाजूला पडला. त्याच्या दोन महिने आधी अंतरवाली सराटीत उपोषणाला बसलेल्यांवर लाठ्या पडल्या होत्या तेव्हा जी माणसं मनानं त्यांच्याकडं झुकली होती, त्यांतली किती तरी त्या एका रात्रीत मागं सरकली. माझी बायको त्यांतलीच एक.

कोर्टं काय म्हणतात? फेब्रुवारी २०२० मध्ये औरंगाबाद खंडपीठानं माजलगावच्या ईदगाह मैदानावर नागरिकत्व कायद्याविरुद्ध बसायला नाकारलेली परवानगी रद्द ठरवली, आणि एका कायद्याला शांततेनं विरोध करणाऱ्यांना देशद्रोही म्हणता येणार नाही असं स्पष्ट लिहिलं. त्याच वर्षी ७ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयानं शाहीनबागेच्या प्रकरणात सांगितलं की सार्वजनिक रस्ता बेमुदत अडवता येणार नाही. विषय एकच, कायदाही तोच. पहिल्यात मैदान होतं, दुसऱ्यात रस्ता. हे दोन निकाल शेजारी ठेवून वाचा, निम्मं भाषण तयार होईल.

कुणी परदेशी अभ्यासाचा दाखला देईलच. एरिका चेनोवेथ आणि मारिया स्टेफन यांनी १९०० ते २००६ मधल्या ३२३ मोहिमा तपासल्या. अहिंसक मोहिमा ५३ टक्के यशस्वी, हिंसक २६ टक्के. आकडा वापरा, पण जपून. त्या मोहिमा राजवटी उलथवण्याच्या किंवा परक्यांना हाकलण्याच्या आहेत, तुमच्या गावच्या नळयोजनेच्या नाहीत.

भाषणाची सुरुवात बहिणीपासून करा. लपवू नका, नाहीतर समोरचा ती गोष्ट काढील. सांगा की ती जीपमध्ये होती तेव्हा टायर पेटवणारे नेते झाडाखाली होते. मग आजींच्या पावत्या सांगा.

त्या आजींचं काम पुढं झालं. नऊ पावत्या आणि एक-ई चा उतारा लावला, प्रांताकडं तीन हेलपाटे, मग दोन एकर नावावर आली, भोगवटादार वर्ग दोन, विकायची नाही या अटीवर. सातबारा हातात दिला तेव्हा त्यांनी तो उलटा-सुलटा बघितला, त्याच युरियाच्या प्लास्टिकमध्ये पावत्यांच्या वर ठेवला आणि विचारलं, "मंग यंदाचा दंड कवा भरायचा?" मी म्हणालो, आता दंड नाही, जमीन तुमची झाली. त्यांना ते पटलं नाही. मार्चमध्ये त्या तलाठ्याकडं जाऊन आल्या. त्यानं पैसे घेतले नाहीत म्हणून माझ्याकडं तक्रार घेऊन आल्या होत्या.